पाळण्याजवळचा अडकित्ता

हौसामावशीचं नाव आधी घेते आणि मगच बाकीचं सांगते. ती नसती तर मी आज संगमनेरात बसून हे लिहीत नसते. कुठल्यातरी फडात उसाच्या मोळ्या बांधत असते, आणि माझा बंडू शाळा सोडून उसाच्या पाचटाच्या झोपडीपाशी, कोपीपाशी, दुसऱ्यांची धाकटी पोरं सांभाळत असता. मी सांभाळली तशी.

हौसामावशी माझ्या नात्यातली नाही. ती बाळांना न्हाऊ घालणारी बाई. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, पायांवर बाळ पालथं घालायचं आणि तेल लावून, ऊन पाणी घालून ते असं धुऊन काढायचं की बाळ पुसता पुसता झोपलं पाहिजे. आमच्या भागातली निम्मी माणसं तिच्या पायांवरून गेलेली आहेत. भाजीबाजारात एखादा पोट सुटलेला, कानाला मोबाईल लावलेला माणूस तिला वाट देतो आणि ती चारचौघांत म्हणते, "लई रडका व्हतास रं तू. आता बरा हायेस." माणूस लाजतो. असा तिचा मान.

मी मात्र न्हाऊ घालत नाही. मी दिवसरात्र घरात राहून बाळ सांभाळणारी बाई. बाळंतिणीचं खाणंपिणं, बाळाची दुपटी, शेकशेगडी सगळं करते. पण गेल्या काही वर्षांत मी पाहिलंय, दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न एकच येतो. रात्री झोपवता येतं का? बाळाला दूध कसं पाजायचं, पोट दुखलं तर काय करायचं, हे कुणी विचारत नाही. बाळ झोपलं की घर झोपतं आणि बाळ जागलं की सगळं घर तांबड्या डोळ्यांनी एकमेकांवर ओरडतं. म्हणजे माझा धंदा झोप देण्याचा. स्वतः जागून दुसऱ्याला झोप द्यायची.

माझं शिक्षण सहावीपर्यंत. सहावीही पुरी नाही, कारण दसरा झाला की आईबाप कोयता घेऊन निघायचे आणि त्यांच्यामागं बैलगाडीत मी. आमचं गाव जामखेडच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. तिथं पाणी नाही, म्हणून पाणी असलेल्यांचा ऊस तोडायला जायचं. आई पहाटे फडात गेली की दोन धाकटी भावंडं माझ्या ताब्यात. झाडाला नाहीतर गाडीच्या दांड्यांना जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, त्यात लहान्याला घालायचं आणि हलवत बसायचं. फारच रडला तर मऊ चिंधीत गुळाचा खडा बांधून ती पुरचुंडी त्याच्या तोंडात द्यायची. तीच आमची चोखणी. पोरगं गप्प व्हायचं, पण त्याच्या गालावर मुंग्या यायच्या. एका हातानं झोळी आणि दुसऱ्या हातानं मुंग्या, असं माझं बालपण गेलं. ती चिंधी पोराच्या घशात जाऊ शकते, हे मला फार उशिरा कळलं. माझे दोन्ही भाऊ धडधाकट आहेत, हे देवाचे उपकार. तरी मोठ्याचे पुढचे दात किडूनच आले.

लग्नानंतर मीही कोयत्याला गेले. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटं कुणी चालत नाही. बंडू तेव्हा अंगावर पीत होता. कोपीतल्या धुरानं त्याला असा खोकला धरला की त्या हंगामात मी मनाशी ठरवलं, ह्याला परत इथं आणायचं नाही. गावातल्या एका बाईची लेक संगमनेरला दिली होती. तिनं ह्या कामाचं कळवलं. आईनं बंडूला ठेवून घेतलं, त्याला अंगणवाडीत घातलं, आणि मी एसटीत बसले. नवऱ्याशी बोलणं एवढंच झालं होतं की माझं काम टिकलं तर तो गावाकडंच खडी-मुरुमाच्या कामाला जाईल. नाही टिकलं तर दसऱ्याला तोडणीची टोळी जमवणारा मुकादम दारात येईल आणि आम्ही तिघं परत फडात. त्यामुळं पहिल्या घरी पाय ठेवला तो दसऱ्याचे दिवस मोजतच.

घर नाशिक-पुणे रस्त्याच्या जवळ. घरात कर्ती बाई म्हणजे सासू. त्यांना सगळे आक्का म्हणत. खाली मळ्यात जमीन, वर गावात घर, डोक्यावर पदर आणि हाताशी पानाचा डबा. मुलगा भाऊसाहेब, डेअरीत नोकरीला, कमी बोलणारा. सून शाळेत शिक्षिका. त्यांना मी वैनी म्हणायचे. वैनींना आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. बाळाचं नाव शिवांश, आक्कांचा शिवू. हौसामावशी रोज सकाळी न्हाऊ घालायला यायची. भाऊसाहेबांनाही तिनंच न्हाऊ घातलं होतं, त्यामुळं त्या घरात आक्कांना तोंडावर बोलू शकणारी ती एकटीच.

शिवू दिवसा राजा आणि रात्री सरपंच. सगळ्यांना उठवून सभा भरवायचा. मग वैनींच्या मावसबहिणीनं पुण्याहून चोखणी पाठवली. रबराचं बोंडूक, मागं प्लॅस्टिकची चकती आणि एक कडी. कुणी त्याला चुपणी म्हणतं, मेडिकलवाला निपल म्हणतो. आक्कांनी आधी नाक मुरडलं. आईचं दूध असताना रबर कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण एका संध्याकाळी शिवूनं रडून घर डोक्यावर घेतलं आणि वैनींनी ती चोखणी उकळून त्याच्या तोंडात दिली. दोनचार वेळा चोखून त्यानं डोळे मिटले. आक्का पदरानं वारा घालायच्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, चांगली हाय की वस्तू.

ज्यांच्या घरी तान्हं नाही त्यांच्यासाठी सांगते. चोखणीत काही जादू नाही. बाळाला चोखायची गरज असते, भूक नसतानाही. चोखलं की त्याचा जीव शांत होतो. पण चोखणीची एक खोड आहे. बाळ झोपलं की तोंड सैल पडतं आणि ती गळून पडते. ज्या बाळाला ती तोंडात घेऊनच झोपायची सवय लागली, त्याला अर्धवट जाग आली की ती तोंडात पाहिजे असते. नसली की भोकाड. मग अंधारात ती शोधा, धुवा, परत द्या. तुमची उशी कुणी झोपेत काढून घेतली तर तुम्हीही उठून बसाल, तसंच ते.

आक्कांनी ह्यावर उपाय काढला. शिवूच्या गळ्यात काळा दोरा होता, आक्कांच्या माहेरच्या भैरोबापुढं ठेवून आणलेला. त्या अनवाणी जाऊन घेऊन आल्या होत्या. त्या दोऱ्यालाच त्यांनी आणखी एक दोरा जोडून चोखणीची कडी बांधली. चोखणी पडली की दोरा धरून ओढायची आणि तोंडात द्यायची. नजरही लागत नाही आणि चोखणीही हरवत नाही. आक्का रात्री पाळण्याशेजारीच निजायच्या, झोपेतही त्यांचा हात दोऱ्यावर जायचा. शिवू झोपू लागला. आल्यागेल्याला आक्का ती युक्ती दाखवायच्या. मलाही ती आवडली होती, हे खोटं कशाला बोलू. आमच्याकडं गळ्यात दोरा नसलेलं तान्हं पोर मी पाहिलेलंच नाही.

तो दिवस सांगते. दुपारची वेळ होती. वैनी न्हायला गेल्या होत्या, आक्का शेजारी पापड लाटायला. शिवू पाळण्यात झोपला होता आणि मी खाली बसून दुपट्यांच्या घड्या घालत होते. बाळ रडलं तर ह्या कामात भीती वाटत नाही. कानाला सवय होते. पण पाळण्यातून एक आवाज आला, पारवा घुमतो तसा, आणि मग काहीच नाही. मी उठून पाहिलं. त्यानं अंग फिरवलं होतं. चोखणी कठड्याच्या कडेला गेली होती आणि तिची कडी एका खिळ्यात अडकली होती. बारशाच्या दिवशी फुलांची माळ बांधायला कठड्याला आतून ठोकलेला तो खिळा. माळ सुकली, काढली. खिळा तसाच राहिला. शिवू जितका वळवळत होता तितका दोरा ताणत होता. तोंड लाल झालेलं, आणि आवाज नाही.

मी कडी काढायला गेले, ताणामुळं सुटेना. दोऱ्याखाली बोट घालायला गेले, जाईना. दातानं तोडायला वाकले, तोंड पोचेना. खिडकीत आक्कांचा पानाचा डबा होता, त्यावर अडकित्ता. तो घेतला, मानेमागं एक बोट कसंबसं आडवं धरलं आणि दोरा कापला. माझ्या बोटालाही लागलं. शिवूनं श्वास घेतला आणि असा रडला की मला ते रडणं गोड लागलं. मी त्याला घेऊन खालीच बसले.

त्याच वेळी आक्का आत आल्या. त्यांनी काय पाहिलं? रडणारं लेकरू, त्याच्याजवळ लोखंड, माझ्या बोटाचं रक्त, आणि जमिनीवर भैरोबाच्या दोऱ्याचे दोन तुकडे. मी सांगू लागले, पण माझी जीभ अडखळली. भ्यालेल्या माणसाचं खरंही खोट्यासारखं ऐकू येतं. आक्का एवढंच म्हणाल्या, "माझी दोन लेकरं ह्याच दोऱ्यावर वाढली."

त्या दोऱ्याला तेव्हा चोखणी बांधलेली नव्हती. हे माझ्या ओठावर आलं होतं, पण गड्या-माणसानं मालकिणीला असं बोलायचं धाडस माझ्यात नव्हतं. वैनी ओल्या केसांनी धावत आल्या. त्यांनी बाळाची मान पुढून पाहिली, तिथं काही दिसेना. त्यांना माझं पटलं होतं आणि नव्हतंही. नवी बाई, लांबून आलेली, कुणाच्या ओळखीची नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तशीच पाहत राहिले असते.

त्या रात्रीपासून खरी परीक्षा लागली. दोरा गेला, चोखणी सुटी झाली. ती पडायची, शिवू उठायचा. मी शोधायची, द्यायची, परत पडायची. घर परत जागं राहू लागलं. सकाळी आक्का चहा घेताना भिंतीकडं बघून म्हणायच्या, दोरा व्हता तवा निजत व्हता. हे खोटं नव्हतं, हीच माझी पंचाईत. वैनींची सुट्टी संपत आली होती, सोमवारी शाळेत हजर व्हायचं होतं. जागरणानं त्यांच्या हातून दुधाचं पातेलं सांडलं तेव्हा त्या रडल्या. भाऊसाहेब मला रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, रविवारपर्यंत बघू, नाहीतर दुसरी बाई शोधावी लागेल. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्यातच आईचा फोन आला. मुकादम येऊन गेला होता. नवरा मागून विचारत होता, हो म्हणू का? मी म्हटलं, रविवारपर्यंत थांबा. बंडूला फोन दिला तर तो फक्त श्वास घेत होता. बोलायला लाजायचा. मी तो श्वास ऐकत उभी राहिले.

गुडघे धरले म्हणून मधले दिवस न आलेली हौसामावशी शनिवारी सकाळी आली. मी पाणी तापवून दिलं. ती म्हणाली, "काय गं छबे, सासू गेली का नवरा आला? तोंड का असं?"

मी हसायला गेले आणि रडले. मग दोरा, खिळा, अडकित्ता, मुकादम, सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता तिनं पाटावर बैठक मारली. शिवूला पायांवर पालथं घेतलं, तेल लावलं. तान्ह्या बाळाच्या मानेला वळ्या असतात. त्यात दूध जातं, मळ जातो, तिथं कातडी ओली राहून लाल होते. म्हणून न्हाऊ घालणारी बाई प्रत्येक वळी बोटानं उघडून पुसते. मावशीनं मागच्या बाजूची वळी उघडली आणि तिचं बोट थांबलं.

"आक्का," तिनं हाक मारली, "चष्मा लावून या."

आक्का आल्या, वाकून बघू लागल्या. वळीच्या आत एक बारीक तांबूस रेघ होती, सुतासारखी.

"दुधाचं आसंल," आक्का म्हणाल्या.

"दूध फुडं साचतं आक्का, मागं न्हाई."

आक्का वाकलेल्या तशाच होत्या. त्यांचा हात बाळाच्या मानेकडं गेला आणि अर्ध्यावरच राहिला. मला वाटलं, आता मावशी चार शब्द सुनावणार. माझ्या मनात, खरं सांगते, सुनावावेत असंही होतं. पण मावशीनं आक्कांना तसं उभं राहू दिलं नाही. मलाच दरडावलं, कुठला खिळा तो, दाखव. बाळाला पुसून, गुंडाळून आक्कांच्या मांडीवर दिलं आणि ओल्या पायांनी पाळण्याशी आली. खिळा पाहिला आणि त्याला अशा शिव्या घातल्या की मी इथं लिहू शकत नाही. बारसं झालं, माळ काढली, आणि हा मेला इथं कुणाची वाट बघत बसला होता? भाऊसाहेबांना उठवून पक्कड आणायला लावली. खिळा निघाला. सगळा दोष त्या खिळ्यावर गेला आणि घरातलं माणूस कुणी दोषी उरलं नाही.

मग ती आक्कांपुढं बसली. "आक्का, दोरा परत बांधा. पर पायात. नजर वरनं येती आन पायानं जाती. गळ्यात बांधून तिला आडवायची कशाला?"

आक्कांनी लगेच मान हलवली. नवा काळा दोरा शिवूच्या पायात गेला, आखूड, सैल, लोंबणारं टोक नसलेला. मी नंतर मावशीला विचारलं, नजर पायानं जाते हे खरं का हो? ती म्हणाली, "आता झालं की खरं."

राहिली झोप. त्याचंही तिनंच सांगितलं. चोखणीला शिव्या देऊ नका, म्हणाली. झोप येताना द्या, पण पडली की पडू द्या, लगेच परत कोंबू नका. आधी हात ठेवा, थोपटा, वाट बघा. आणि त्याला आईचा वास द्या. बाळ अंधारात डोळ्यांनी नाही, नाकानं बघतं. आईचं नेसून मऊ झालेलं लुगडं अंगाखाली अंथरा. अंगाखाली, अंगावर नाही. तोंडाशी सुटं कापड अजिबात नको.

इथं अडचण आली. वैनी लुगडं नेसत नव्हत्या. साड्या होत्या त्या शाळेच्या, इस्त्रीच्या, कपाटातल्या. घरात त्या गाऊनच घालायच्या, मांजरांची चित्रं असलेला सुती गाऊन. आक्कांना ते काही पटेना. कुळाच्या पाळण्यात गाऊन? त्यांनी स्वतःचं मऊसूत नऊवारी आणून पुढं केलं.

मावशीनं ते हातात घेऊन बघितलं, कौतुक केलं आणि म्हणाली, "लुगडं झकास हाय आक्का. पर दुधाचा वास तुमच्या लुगड्याला कुठनं यायचा ह्या वयात?"

वैनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. भाऊसाहेब पक्कड ठेवायला म्हणून बाहेर गेले. शेवटी आक्काच हसल्या आणि मांजरांचा गाऊन पाळण्यात गेला. मी त्याची शिवण उसवली, गादीवर ताणून घातला आणि कडा चारी बाजूंनी गादीखाली घट्ट खोचल्या, एक चुणी राहू दिली नाही. वैनींनी बाळाच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. तेही म्हणाले, असं सपाट अंथरलेलं चालेल. पाळण्यात बाकी काही सुटं ठेवू नका, बाळाला पाठीवरच झोपवा, आणि गळ्यात परत काही बांधू नका. हे शेवटचं वाक्य वैनींनी फोन मोठ्या आवाजावर ठेवून सगळ्यांना ऐकवलं.

त्या रात्री घर झोपलं की नाही मला माहीत नाही. मी तरी पाळण्याला टेकून बसले होते. चोखणी पडली. थोड्या वेळानं शिवू चुळबुळला, तोंड वाकडं केलं, आता ओरडणार असं वाटलं. मी त्याच्या पोटावर हात ठेवला. त्यानं मान वळवली, नाक गादीशी गेलं, एक लांब श्वास घेतला. मग स्वतःचाच ओठ चोखत झोपला. नंतर एकदा दुधाला उठला, पिऊन परत झोपला. सकाळी आक्का आल्या, पाळण्यात डोकावल्या आणि स्वतःच्या हातानं मला चहा दिला.

रविवार आला आणि गेला. दुसऱ्या बाईचा विषय कुणी काढला नाही. सोमवारी वैनी स्कूटीवर बसून शाळेत गेल्या. मी न्हाणीत जाऊन नळ सोडला, मनसोक्त रडले, तोंड धुतलं आणि गावाकडं फोन लावला. म्हटलं, मुकादमाला नाही म्हणा.

पुढं शिवूचं जावळ काढलं तेव्हाची गोष्ट. घर पाहुण्यांनी भरलेलं. आक्कांची भाची राहात्याहून आली होती, कडेवर लेक, लेकीच्या गळ्यात चोखणी, दोऱ्यानं बांधलेली. भाची कौतुकानं म्हणाली, मामी, ही तुमचीच युक्ती. आक्कांनी त्या दोऱ्याकडं पाहिलं. मग सगळ्यांदेखत मला हाक मारली. "छबे, माझा अडकित्ता आन गं."

मी आणला. दोरा त्यांनी स्वतः कापला. भाची बघतच राहिली. आक्का म्हणाल्या, ह्या घरात अडकित्ता आता पाळण्याजवळ असतो.

त्या भाचीच्या घरीच मला नंतर काम मिळालं. तिथं गोष्ट उलटी. तिची लेक स्वरा आता चालायला, बोलायला लागली होती, पण चोखणी सुटत नव्हती. तोंडात चोखणी घेऊनच बोलायची, त्यामुळं ती काय म्हणते ते आईलाच कळायचं. घरात तिचे आजोबा होते, नाना. पेरूची बाग, पांढरी टोपी, आवाज बागेच्या पलीकडं जाणारा. नाना दिवसभर तिला रागवायचे. एवढी मोठी झाली, लाज नाही वाटत, टाक ते रबर. आणि हे म्हणताना त्यांच्या तळहातावर चुना आणि तंबाखू. स्वरा त्यांची तंबाखूची पुडी आणून द्यायची आणि ते तिची चोखणी कपाटावर लपवायचे. रोजचा व्यवहार.

मी लहान तोंडी मोठा घास घेतला. म्हटलं, नाना, तुमचं आणि तिचं एकच आहे. दोघांनी एकदम सोडा. नाना असे भडकले की मला वाटलं, रात्रीच्या एसटीनं परत. पण स्वरानं तोंडातली चोखणी काढली, नानांपुढं धरली आणि दुसरा हात पुडीसाठी पसरला. नातीच्या पसरलेल्या हातापुढं कुणाचं चालतं? एका डब्यात दोन्ही वस्तू घातल्या आणि डबा बागेतल्या एका पेरूच्या फांदीला बांधला. पाखरांना दिलं, असं स्वराला सांगितलं. पहिल्या रात्री ती आईचा पदर मुठीत धरून रडली. दुसऱ्या रात्री कमी. मग विसरली. नाना मात्र बागेला पाणी द्यायच्या निमित्तानं सारखे त्याच झाडाखाली दिसायचे. एक दिवस स्वरानं त्यांना डबा उघडताना पकडलं आणि सगळ्या गल्लीत सांगत सुटली, नाना चोखणी खातो. आता नाना तंबाखू खातात का, मला विचारू नका. पोरगी सुटली, माझं काम झालं.

अशी घरं बरीच झाली. एकानं मला विचारलं होतं, घुटीत झोपेचं काही घालता येईल का. त्या घरातून मी दुसऱ्या दिवशी पिशवी उचलली. बाकी बहुतेक माणसं चांगली होती, नुसती झोपेसाठी आसुसलेली. त्यांच्यावर मला राग येत नाही.

एक सल आहे, तो लिहून टाकते. इतकी लेकरं झोपवली, पण माझा बंडू कसा झोपायचा हे मला फोनवरच कळलं. मी निघताना आईजवळ माझं एक जुनं लुगडं राहिलं होतं. तो त्यावरच झोपायचा, असं आई म्हणायची. आता तो तिसरीत आहे. आईनं त्या लुगड्याची गोधडी शिवायला घेतली तर यानं ते दप्तरात लपवलं. मला हे सांगू नको म्हणाला म्हणे. मी दिवाळीला जाते तेव्हा माहीत नसल्यासारखं करते. पण तो शाळेत जातो. कळता झाल्यापासून फड त्यानं फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलाय.

हौसामावशी आता न्हाऊ घालत नाही. गुडघे गेले, पाय लांब करून बसता येत नाही. तेलघाण्याच्या मागं तिची एक खोली आहे. मुलगा पुण्याला बोलावतो, ती जात नाही. इथली पोरं मोठी झालेली बघायची आहेत, म्हणते. मी सुट्टीच्या दिवशी जाते, भाकरी थापून देते. जन्मभर दुसऱ्यांच्या पाठी चोळल्या, पण तिच्या पाठीला कुणी तेल लावलेलं मी पाहिलं नाही. मी लावू म्हटलं की हात झटकते. मागच्या वेळी म्हणाली, "ठिव उसनं. लागंल तवा मागीन." आणि मी दारातून निघाले तेव्हा मागून ओरडली, "चोखणी आनू नगं म्हंजे झालं. दात न्हाईत, गिळून बसंन."

मावशी, तुम्ही मागा. मी जामखेडला असले तरी पहिल्या एसटीनं येईन. ऊन तेल आणीन, ऊन पाणी काढीन, तुमच्या मानेची वळी न् वळी पुसून काढीन आणि तुमच्या अंगाखाली माझं नेसून मऊ झालेलं लुगडं अंथरीन, एक चुणी राहू देणार नाही. तुम्ही झोपेपर्यंत बसून राहीन. हा शब्द मी इथं छापून घेते आहे, म्हणजे मला मोडता येणार नाही आणि तुम्हाला नाही म्हणता येणार नाही.